गणितात बीएस्सी आणि डोक्यावर कर्ज: पालक-विद्यार्थ्यांचे नेहमीचे प्रश्न

बारावीचा निकाल लागला की आमच्या विभागात दोन प्रकारची माणसं येतात. एक, ज्यांना गणित आवडतं. दोन, ज्यांच्या मुलांना गणित आवडतं आणि म्हणून ज्यांची झोप उडालेली असते. मी सीनियर कॉलेजात गणित शिकवते. शिक्षणासाठी कर्ज घेतलं होतं आणि फेडलंही. त्यामुळे हे प्रश्न मला टेबलाच्या दोन्ही बाजूंनी माहीत आहेत. खालची आकडेमोड सगळीकडे १० टक्के व्याजाने केली आहे. तुमच्या बँकेचा दर घालून ती स्वतः पुन्हा करा. पोरगं गणित घेणारच असेल तर त्यालाच करायला लावा.

मॅडम, गणित करून नोकरी लागते का?

लागते, पण उशिरा लागते, आणि कर्जाच्या बाबतीत सगळी गोम या ‘उशिरा’त आहे. इंजिनिअरिंगची पदवी चार वर्षांनी बाजारात उभी राहते. बीएस्सी मॅथ्स तीन वर्षांनी होते खरी, पण तिचा भाव बहुतेक वेळा पुढचं काहीतरी जोडल्यावर येतो. ते एमएस्सी आणि नेट (प्राध्यापकीची पात्रता परीक्षा) असेल, बीएड असेल, बँकेची परीक्षा असेल, संख्याशास्त्र आणि प्रोग्रॅमिंग असेल, नाहीतर ॲक्च्युअरीचे, म्हणजे विम्यातल्या जोखमीचं गणित मांडणाऱ्यांचे, पेपर असतील. बँक मात्र तुमचं ‘पुढचं काहीतरी’ होईपर्यंत थांबत नाही. अभ्यासक्रम संपला, वर वर्षभराची सवलत मिळाली, की हप्ता चालू.

तीन वर्षांच्या बीएस्सीला कर्ज लागावंच का?

खरं तर लागू नये. अनुदानित कॉलेजात बीएस्सीची फी अजूनही काही हजारांतच असते. गणिताला प्रयोगशाळा लागत नाही, फळा आणि खडू पुरतो. म्हणजे कर्ज होतं ते गणितामुळे नव्हे, पत्त्यामुळे. खासगी विद्यापीठाची चकचकीत इमारत, पुण्या-मुंबईतली खोली, मेस, आणि ‘ऑनर्स’ हा शब्द. यातल्या कशासाठी आपण पैसे मोजतोय हे आधी वेगवेगळं लिहून काढा. शहरात राहायचा खर्च मी फुकट गेलेला धरत नाही, कारण सोबतीला चार हुशार मुलं मिळणं ही गणितात मोठी गोष्ट आहे. पण दोन लाखांची फी भरून मिळणारा रिअल ॲनालिसिस (पदवीच्या गणितातला एक विषय) हा अनुदानित कॉलेजातलाच रिअल ॲनालिसिस असतो. एप्सिलॉन तोच, डेल्टा तोच.

सहा लाखांचं कर्ज म्हणजे नक्की किती फेडायचं?

गेल्या जूनमध्ये पिठाची गिरणी चालवणारे एक गृहस्थ मुलाला घेऊन आले होते. खासगी विद्यापीठ, वर्षाला दोन लाख फी, तीन वर्षं. “सहाच लाख आहेत, पोरगं कमवायला लागलं की फिटतील,” असा त्यांचा हिशोब. मी हजेरीपटाचा एक रद्द कागद उलटा केला आणि पेन मुलाच्या हातात दिलं.

पहिले दोन लाख पहिल्या वर्षाच्या सुरुवातीला उचलले. शिक्षणाची तीन वर्षं आणि सवलतीचं एक, असं चार वर्षं त्यांच्यावर सरळव्याज: ८०,००० रुपये. दुसऱ्या वर्षीच्या दोन लाखांवर तीन वर्षांचं: ६०,०००. तिसऱ्या वर्षीच्या दोन लाखांवर दोन वर्षांचं: ४०,०००. बेरीज १,८०,०००. सवलतीचा काळ संपताना हे व्याज मुद्दलात मिळवतात आणि मग हप्ता बांधतात. म्हणजे कर्ज सहा लाखांचं राहिलंच नाही, ते ७,८०,००० झालं.

ते दहा वर्षांत फेडायचं तर महिन्याला साधारण १०,३०८ रुपये, एकूण १२ लाख ३७ हजार. पंधरा वर्षं घेतली तर हप्ता ८,३८२ वर उतरतो, पण एकूण १५ लाख ९ हजार जातात. पाच वर्षांत संपवायचं म्हटलं तर १६,५७३, एकूण ९ लाख ९४ हजार.

वडील कागदाकडे बघत राहिले. मुलगा म्हणाला, “मॅडम, ही तर भूमितीश्रेणी आहे.” बरोबर होतं त्याचं. हप्त्याचं सूत्र अकरावीच्या भूमितीश्रेणीतूनच निघतं. फक्त अकरावीत कोणी ते बापाच्या कर्जाला लावून दाखवत नाही.

मग किती कर्ज झेपेल, हे आधी कसं ठरवायचं?

उलट्या बाजूने या. आधी पगार, मग हप्ता, मग कर्ज. माझा नियम असा, की हातात येणाऱ्या पगाराच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा हप्ता मोठा नको. हा काही सिद्ध केलेला प्रमेय नाही, पण खोलीभाडं, घरी पाठवायचे पैसे आणि एखादं आजारपण धरलं तर याहून जास्त सुटत नाही.

समजा सुरुवातीला हातात २५,००० येतील. हप्ता ५,०००. दहा वर्षांच्या मुदतीत एवढ्या हप्त्यात सुमारे ३ लाख ७८ हजार फिटतात. पण त्यात शिकतानाचं साचलेलं व्याजही आहे. वरच्या उदाहरणात सहाचे ७.८ झाले, म्हणजे १.३ पट. ३.७८ ला १.३ ने भागा: प्रत्यक्षात उचलायचं कर्ज झालं साधारण २ लाख ९० हजार. याच नियमाने सहा लाख झेपवायला सुरुवातीलाच हातात ५१-५२ हजार यायला हवेत. नुसत्या बीएस्सीवर पहिल्याच वर्षी तेवढे मिळतील असं मी कुणालाही सांगणार नाही.

शिक्षक व्हायचं असेल तर?

हा रस्ता मला सगळ्यात जवळचा, म्हणून जरा सविस्तर सांगते.

शाळेत: बीएस्सीनंतर दोन वर्षांचं बीएड, मग टीएआयटी ही शिक्षकांची अभियोग्यता परीक्षा, मग ‘पवित्र’ या सरकारी शिक्षकभरती पोर्टलवर भरती निघायची वाट. नेमणूक झाली तरी पहिली तीन वर्षं शिक्षण सेवक, म्हणजे नियमित पगाराऐवजी ठरावीक मानधन. मानधन २०२३ पासून प्राथमिकला १६,०००, माध्यमिकला १८,००० आणि उच्च माध्यमिकला २०,००० रुपये. (त्याआधी ते ६,०००, ८,००० आणि ९,००० होतं, तेव्हा ही वाढच समजायची.) १८,००० मधून १०,३०८ चा हप्ता गेला की उरतात ७,६९२. त्यात सातारा-कराड एसटीचा पास निघेल, संसार निघणार नाही. तीन वर्षांनंतर नियमित वेतनश्रेणी लागते आणि मग परिस्थिती खरंच पालटते. पण तोवर पोरगा सव्वीस-सत्तावीसचा झालेला असतो आणि हप्ते बाविसाव्या वर्षीच सुरू झालेले असतात.

कॉलेजात: एमएस्सी, मग नेट किंवा सेट (नेटसारखीच राज्याची परीक्षा). सहायक प्राध्यापकाचं सुरुवातीचं मूळ वेतन सातव्या वेतन आयोगाप्रमाणे ५७,७००, वर भत्ते. कागदावर उत्तम. पण अनुदानित जागा वर्षानुवर्षं भरल्या जात नाहीत आणि मधल्या काळात पात्र मुलं तासिका तत्त्वावर, म्हणजे सीएचबीवर शिकवतात. मीही पाच वर्षं शिकवलं. तासांचे पैसे महिन्याला येत नसत, सत्र संपल्यावर कधीतरी एकदम यायचे. मे महिन्यात तास नाहीत म्हणून मानधनही नाही. हप्ता मात्र मे महिन्यातही असतो. माझं कर्ज छोटं होतं, हप्ता साडेतीन हजारांच्या आसपास, आणि तो मी दहावीच्या पोरांच्या शिकवण्यांवर भरला. दोनदा थकला. बँकेतून फोन आला तो माझ्या वडिलांना, कारण सहकर्जदार ते. तो फोन मी अजून विसरलेले नाही.

बँका, विमा, सरकारी परीक्षा?

कर्जाच्या दृष्टीने हा सगळ्यात सरळ रस्ता. कोणत्याही शाखेची पदवी चालते आणि संख्यात्मक चाचणीत गणितवाल्यांचं पारडं जड असतं. सरकारी बँकेतल्या प्रोबेशनरी ऑफिसरचं सुरुवातीचं मूळ वेतन सध्याच्या करारानुसार ४८,४८०, लिपिकाचं २४,०५०. एक सूचना मात्र कान उघडे ठेवून ऐका: यूपीएससीच्या भारतीय सांख्यिकी सेवेला नुसतं गणित चालत नाही, पदवीला संख्याशास्त्र हा विषय असावा लागतो. म्हणून एफवायला विषय निवडताना गणिताच्या जोडीला संख्याशास्त्र घ्या. एका टिकमार्कचं काम, पण टीवायला आल्यावर करता येत नाही.

आयटी आणि डेटा सायन्समध्ये तर गणितवाल्यांना लाखोंची पॅकेजेस मिळतात ना?

काहींना मिळतात. माहितीपत्रकातला आकडा वाचताना दोन गोष्टी विचारा. पहिली: हा मध्य (सरासरी) आहे की मध्यक (चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा)? दहा जणांपैकी नऊ जणांना तीन लाखांची नोकरी आणि एकाला तीस लाखांची लागली, तर सरासरी ५.७ लाख येते, मध्यक तीनच लाख. जाहिरातीत ५.७ छापलेलं असतं, आणि कोपऱ्यात त्या तीस लाखवाल्याचा फोटो. दुसरी: छेद कोणता? साठ मुलांच्या वर्गातून पंचवीस जणांनी प्लेसमेंटला नाव दिलं आणि वीस जणांना नोकरी लागली, तर ‘८० टक्के प्लेसमेंट’ हे विधान खोटं नाही. पण साठातले वीस म्हणजे ३३ टक्के.

त्या वीस जणांतही बीएस्सी मॅथ्सची मुलं किती आणि बीटेक कॉम्प्युटरची किती, हेही विचारा. संस्था एकच असली की आकडेही एकत्र मिसळून टाकतात.

एक वाट मात्र कर्जवाल्यांनी जरूर बघावी. काही आयटी कंपन्या बीएस्सी झालेल्यांना घेऊन नोकरीबरोबरच पुढचं शिक्षण स्वतःच्या खर्चाने करून देतात. विप्रोचा ‘वर्क इंटिग्रेटेड लर्निंग प्रोग्राम’ हा त्यातला जुना. बदल्यात काही वर्षं बांधून घेतात आणि सुरुवातीचे पैसे बेताचे असतात. पण एमटेकची फी आपली नसते. करारपत्र वाचून सही करा.

बीएस्सीनंतर एमएस्सी केली तर बँक थांबते का?

आपोआप थांबत नाही. पुढच्या प्रवेशाचं पत्र जोडून लेखी अर्ज द्यावा लागतो, मग बँक मुदत वाढवून देण्याचा विचार करते. आणि थांबली तरी व्याज थांबत नाही. सहा लाखांवर वर्षाला ६०,००० प्रमाणे दोन वर्षांचे १,२०,००० वाढले. ७.८ चे नऊ लाख झाले आणि दहा वर्षांच्या मुदतीचा हप्ता ११,८९४ वर गेला. हे एमएस्सीची एक रुपयाही फी न धरता. गणिताच्या मुलांना कर्ज जड जातं ते असं: मधली वर्षं महाग पडतात, आणि गणितात मधली वर्षं पुष्कळ.

बिनकर्जाच्या वाटा कोणत्या?

आहेत, आणि याच प्रश्नासाठी मला सगळ्यात कमी लोक भेटतात. किंवा भेटतात तेव्हा अर्जाची तारीख उलटून गेलेली असते.

इन्स्पायर शिष्यवृत्ती: बारावीला आपल्या बोर्डात वरच्या एक टक्क्यात असाल आणि मूलभूत विज्ञानाला (यात गणित येतं) प्रवेश घेतला असेल तर वर्षाला ८०,००० रुपये. त्यातले ६०,००० हातात आणि २०,००० उन्हाळी प्रकल्पासाठी. अनुदानित कॉलेजात शिकणाऱ्या मुलाचा राहण्या-जेवण्याचा बराच खर्च यात निघतो. दर वर्षी वर्गात एखादा तरी पात्र विद्यार्थी अर्जच करत नाही, कारण गुणांच्या मर्यादेचं पत्रक कोणी वाचलेलं नसतं.

भारतीय सांख्यिकी संस्था: बंगळुरूला बी.मॅथ, कोलकात्याला बी.स्टॅट. आजवर शिक्षण शुल्क घेत आलेली नाही, उलट अभ्यास नीट चालला तर दरमहा विद्यावेतन देते. प्रवेश परीक्षा साधारण मे महिन्यात. चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटला फी आहे, पण चांगल्या विद्यार्थ्यांना माफीही मिळते. जेईईच्या धाटणीचा अभ्यास या परीक्षांना पुरत नाही, इथे सिद्धता लिहावी लागते.

मुंबईत कलिना संकुलात मुंबई विद्यापीठ आणि अणुऊर्जा विभागाचं मूलभूत विज्ञान केंद्र आहे. नेस्ट परीक्षेतून पाच वर्षांच्या एमएस्सीला प्रवेश मिळतो, गणित हा तिथला एक विषय, आणि विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती असते. पुण्यात पाषाणला आयसर ही विज्ञानशिक्षणाची केंद्रीय संस्था आहे.

बीएस्सी गावातच केली तरी बिघडत नाही. जॅम या एमएस्सीच्या प्रवेश परीक्षेतून आयआयटी मुंबईला एमएस्सी करता येते आणि तिथली एमएस्सीची फी बीटेकच्या फीपुढे किरकोळ असते. सीएसआयआर-नेटमधून (विज्ञान विषयांची नेट) जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,०००, मग ४२,०००, वर घरभाडं. चार वर्षांची पदवी ७५ टक्क्यांनी पूर्ण केली तर एमएस्सी न करताही नेट देता येते आणि पीएचडीला जाता येतं. राज्यात नवीन शैक्षणिक धोरणाने आलेलं चौथं वर्ष करावं की नाही, हा प्रश्न अशांसाठी खरा आहे. बाकीच्यांनी तीन वर्षांनंतर बाहेर पडलेलं बरं.

अभ्यासाच्या बाजूने पुण्यातलं भास्कराचार्य प्रतिष्ठान, बीएस्सीच्या मुलांसाठीची माधव गणित स्पर्धा आणि एमटीटीएस या गणित प्रशिक्षण कार्यक्रमाची उन्हाळी शिबिरं या तीन गोष्टींनी माझ्या ओळखीच्या खेड्यातल्या मुलांचं जेवढं भलं केलं, तेवढं दोन लाखांच्या फीने केलेलं मी पाहिलेलं नाही.

कर्ज घ्यायचंच ठरलं. तारण लागतं का? सरकार व्याज भरतं का?

बँकांच्या आदर्श (मॉडेल) शैक्षणिक कर्ज योजनेत चार लाखांपर्यंत तारणही नाही आणि स्वतःचा हिस्साही नाही. साडेसात लाखांपर्यंत तारण नाही. परतफेड जास्तीत जास्त पंधरा वर्षं. मुलींना बऱ्याच सरकारी बँका व्याजात अर्धा टक्का सूट देतात.

नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत निवडक दर्जेदार संस्थांमध्ये गुणवत्तेवर प्रवेश मिळाला असेल तर तारण आणि जामीनदाराशिवाय कर्ज मिळतं. कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर शिक्षणाच्या आणि सवलतीच्या काळात व्याजात ३ टक्के सवलत. मॅनेजमेंट कोट्यातून गेलात तर नाही. संस्था यादीत आहे का, ते प्रवेशाआधी बघा. साडेचार लाखांच्या आतल्या उत्पन्नाला पूर्ण व्याजमाफीची जुनी योजना आहे, पण ती तांत्रिक आणि व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी. साध्या बीएस्सी मॅथ्सला ती धरून चालू नका. एजंट छातीठोकपणे ‘सगळं व्याज माफ’ म्हणतो, तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर इंजिनिअरिंगचा विद्यार्थी असतो.

शिकत असतानाच व्याज भरावं का?

जमत असेल तर हो. वरच्याच उदाहरणात पहिल्या वर्षी महिन्याला १,६६७, दुसऱ्या वर्षी ३,३३३ आणि नंतर ५,००० भरले तर मुद्दल सहा लाखांवरच राहतं. हप्ता १०,३०८ ऐवजी ७,९२९ होतो आणि एकूण सुमारे एक लाख पाच हजार वाचतात. पूर्ण जमत नसेल तर पहिल्या वर्षाचे १,६६७ तरी बघा. आठवी-नववीच्या दोन मुलांच्या शिकवणीत तेवढे येतात, आणि शिकवल्याने स्वतःचं गणितही पक्कं होतं.

आयकरात सूट मिळते म्हणे?

ज्याला लोक ८०ई म्हणतात त्या आयकराच्या कलमाखाली फक्त व्याजावर, आठ वर्षं, आणि फक्त जुन्या करपद्धतीत. नव्या पद्धतीत २०२५-२६ पासून बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर पडतच नाही. चार लाख कमावणाऱ्याला या सवलतीचा उपयोग शून्य. ती बघून कर्ज वाढवू नका.

पतसंस्थेतून घेऊ का? की एफडी मोडू?

पतसंस्थेतून नको. दर चढा आणि हप्ता दुसऱ्या महिन्यापासून. एफडीचं असं आहे, की सात टक्क्यांनी ठेवायचं आणि दहा टक्क्यांनी घ्यायचं यात दर वर्षी तीन टक्के आपण बँकेला देतो. दवाखान्यापुरते बाजूला ठेवून बाकीची मोडलेली बरी. आजीच्या पाटल्या मात्र मोडू नका. त्यावर माझ्याकडे गणिती कारण नाही.

परदेशात एमएस्सी?

चाळीस लाखांचं कर्ज काढून गणितात एमएस्सी करणं मला पटत नाही. अमेरिकेत गणिताच्या पीएचडीला बहुतेक ठिकाणी फी माफ असते आणि शिकवण्याच्या बदल्यात वेतन मिळतं. म्हणजे ज्यासाठी आपण कर्ज काढतो, त्याच्या पुढची पायरी तिथे पैसे देऊन चढवतात. इथून चांगली एमएस्सी करून थेट पीएचडीला गेलेले आपल्याकडचे कितीतरी आहेत. नोकरीच करायची असेल तर जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षण शुल्क नाही, राहण्याच्या खर्चाचे पैसे मात्र आधी खात्यात दाखवावे लागतात. पैसे नसतील पण जर्मन शिकायची तयारी असेल तर ही वाट बघा.

मुलीच्या नावावर कर्ज काढलं तर लग्नानंतर कोण फेडणार?

ती. जसं मी फेडलं, लग्नानंतर दोन वर्षं, माझ्या पगारातून. स्थळ बघायला आलेल्यांना हे आधीच सांगितलं होतं. एक स्थळ त्यावरून गेलं, दुसऱ्याने फक्त विचारलं, “व्याजदर किती आहे?”